घोडी 'फिट' आहे की वाळली आहे? बरगड्या दिसतायत, कसं ठरवायचं?

चौखूर

मारवाडी घोडी, वय ७, उंची १५० सेंमी. पाच महिन्यांपासून ४० किमी एन्ड्युरन्सची (लांब पल्ल्याच्या शर्यतीची) तयारी चालू आहे. आठवड्यातून चार दिवस काम: दोन दिवस १२ ते १५ किमी दुडकी, एक दिवस चढावर, एक दिवस २५ किमी संथ. बाकीचे दिवस मोकळी.

तंगाच्या (खोगिराच्या पट्ट्याच्या) जागी छातीचा घेर १६८ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी १५८ सेंमी. विकत मिळणाऱ्या वजनाच्या टेपवर ४०५ किलो येतं.

रोजचं खाणं: कडबा ५ किलो (कुट्टी न करता), हिरवा लसूणघास ५ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, जवाचा भरडा १ किलो, भिजवलेले हरभरे अर्धा किलो. चंदी (दाणा-कोंडा) दोन वेळा.

मागच्या चार-पाच बरगड्या पुसट दिसतात, वळली की जास्तच. पुठ्ठे टणक आहेत. मान मात्र बारीक वाटते. मोतद्दार (घोडी सांभाळणारा) म्हणतो, 'अंग धरलेलं नाही, तूप-गूळ चालू करा.' ट्रेनर म्हणतो, 'फिट घोडा असाच दिसतो.' दोघांपैकी कोण बरोबर? आणि वजन ४०५ धरायचं की कसं?

खरारा

आधी वजनाचं बघू. घेर × घेर × लांबी ÷ ११८८०, मापं सेंटीमीटरमध्ये. १६८ × १६८ × १५८ ÷ ११८८० म्हणजे ३७५ किलो. टेप फक्त घेर मोजते, लांबी गृहीत धरते, आणि तो अंदाज बहुधा भरदार बांध्याच्या घोड्यांवर बेतलेला असतो. मारवाडीची छाती खोल पण अरुंद, त्यामुळे टेप चुकते. सूत्रही अंदाजच सांगतं, पण तुमच्या घोडीसाठी ३७५ जास्त जवळचं असावं. जवळपास ट्रकचा वजनकाटा असेल तर एकदा उभी करून पडताळा घ्या. पण तो काटा ५ किंवा १० किलोच्या टप्प्यानं दाखवतो, तेव्हा दर आठवड्याचे बारीक फरक त्यावर शोधू नका.

घेर मोजताना फीत पुढच्या पायाच्या कोपराच्या लगेच मागून आणि विदर्सच्या (मान-पाठ जुळते तिथला उंचवटा) लगेच मागून जायला हवी. श्वास सोडल्यावर वाचायचं. २ सेंमीची चूक झाली, म्हणजे १६८ ऐवजी १७० लिहिलं, की उत्तर ३८४ येतं. घोडी होती तशीच आहे आणि कागदावर ९ किलोनं वाढली! म्हणून दर वेळी मोजणारा एकच माणूस, सकाळची वेळ, पाणी आणि चंदीच्या आधी, सपाट फरशीवर, चारही पाय सरळ. तीनदा मोजा, मधलं माप धरा.

आता मुख्य प्रश्न. डोळ्यांनी ठरवू नका, बोटांनी ठरवा. मारवाडीची कातडी पातळ आणि केस आखूड, त्यात संध्याकाळचा तिरपा उजेड असला की धडधाकट जनावराच्याही बरगड्या उठून दिसतात. वळताना बाहेरच्या बाजूची कातडी ताणली जाते, तेव्हा दिसलेलं धरायचंच नाही.

एक सोपी खूण. मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा: बरगड्या अशा लागल्या तर घोडा वाळलेला. पंजा सरळ करून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवा: हाडं लागतात पण वर पातळ थर आहे, हे चांगलं. तळहाताच्या गादीसारखं लागलं, दाबल्याशिवाय हाड सापडेना, तर चरबी जास्त.

जगभर वापरतात ती मोजपट्टी हेनेके यांची, १ ते ९ गुणांची, १९८३ साली टेक्सस ए अँड एम विद्यापीठातून आलेली. सहा जागा तपासायच्या: मान, विदर्स, फऱ्याच्या मागचा भाग, बरगड्या, कंबर-पाठ, शेपटीचं मूळ. थोडक्यात असं:

३ गुण: बरगड्या सहज दिसतात, वर नावापुरता थर. पाठीचा कणा ठळक. शेपटीचं मूळ उठून दिसतं. कमरेच्या हाडाची टोकं गोलसर, पण लगेच ओळखू येतात.

४ गुण: बरगड्यांची पुसट रेषा दिसते. कण्यावर हलकी धार हाताला लागते. कमरेची टोकं डोळ्यांना दिसत नाहीत. शेपटीच्या मुळाशी थोडी चरबी लागते.

५ गुण: बरगड्या दिसत नाहीत पण सहज लागतात. पाठ सपाट, धारही नाही आणि पन्हळही नाही. विदर्स गोलसर, शेपटीच्या मुळाशी किंचित स्पंजासारखं.

६ च्या पुढे कण्यावर पन्हळ पडायला लागते, बरगडीवरची चरबी मऊ लागते.

लांब पल्ल्याच्या घोड्याला ४ ते ५ चांगलं. तेव्हा तुमच्या वर्णनातली 'पुसट बरगडी' एकटीच असेल तर ट्रेनर बरोबर. पण मान बारीक आहे म्हणता, ते मला खटकलं. एक सावधगिरी: ही मोजपट्टी मुळात पैदाशीच्या घोड्यांवरून बसवलेली आहे. उंच विदर्स आणि अरुंद छातीच्या घोड्याला ती विदर्सच्या जागी उगाच कमी गुण देते. म्हणून सहाही जागांचे गुण वेगवेगळे लिहा, नुसती सरासरी लिहू नका.

अगाडी_पिछाडी

वरचं बरोबर आहे, पण यात तीन गोष्टींची सरमिसळ होते. चरबी, स्नायू आणि पोटातला चारा-पाणी. तिन्ही वेगवेगळ्या वाचायला लागतात.

*स्नायू.* मानेची वरची कड, फऱ्याच्या मागचा खळगा, कण्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि पुठ्ठे बघा. काम मिळालेला, पुरेसं प्रथिन मिळणारा घोडा कमी चरबीतही पाठीवर भरलेला असतो. मागं थोडं उंचावर सुरक्षित जागी उभं राहून पाठ बघा. कणा घराच्या पाख्यासारखा दोन्हीकडे उतरत असेल तर पाठीचे स्नायू गेलेत. त्यावर तूप-गुळानं चरबी चढेल, स्नायू नाही. फक्त विदर्सच्या मागं, दोन्ही बाजूंना वाटीसारखे खळगे असतील तर आधी खोगीर तपासा. खोगिराची पुढची कमान अरुंद असली की ती नेमकी तिथंच दाबते, दाबलेला स्नायू झिजतो, आणि मग लोक खळगा भरायला चंदी वाढवतात. खळगा एकाच बाजूला असेल तर स्वार वाकडा बसतो का किंवा घोडा कुठला पाय वाचवतो का, ते पाहा. टणक पुठ्ठे ही काही हमी नाही. निरोगी स्नायू विश्रांतीत लवचीक लागतो, दाबला की परत येतो. दगडासारखा कायम ताठ असेल तर तो दुखतोय.

*पोट.* बरगड्या दिसतात पण पोट खाली लोंबतंय, पाठ खोल, अशी घोडी 'जाडी' नसते. निकृष्ट चाऱ्यानं आतडं भरलेलं असतं, अंगाला मिळत काही नाही. उलट पोट एका रात्रीत कुशीत आत ओढलेलं दिसलं तर तो बारीकपणा नाही. पाणी कमी पडलंय, चारा कमी गेलाय किंवा कुठंतरी दुखतंय. लांब पल्ल्यानंतर ३ ते ४ टक्के वजन घटणं नेहमीचं आहे. तुमच्या घोडीत ११ ते १५ किलो, आणि त्यात मुख्यतः पाणीच. म्हणून २५ किमीच्या दुसऱ्या दिवशी घेतलेलं माप वहीत लिहूच नका, निदान दोन विश्रांतीचे दिवस जाऊ द्या.

बारीकपणा खरा असेल तर चंदी वाढवण्याआधी या गोष्टी बघून घ्या:

दात. लिदीत अख्खे दाणे, चारा चघळून गोळे बाहेर टाकणं, डोकं वाकडं करून खाणं. सात वर्षांच्या घोडीलाही वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला धार येते, गालाला आतून जखमा होतात.

जंत. लिदीची अंडी-मोजणी करून घ्या. ग्रॅममागे २०० च्या वर अंडी असतील तर औषध. औषधाचा डोस वजनावर असतो, तेव्हा वजन कमी धरलंत तर जंत मरत नाहीत, वर औषधाला सरावतात. जंतनाशकाच्या डोसाला माझा सल्ला जरा जास्त वजन धरण्याचा.

सर्रा. आपल्याकडे पावसाळ्यात आणि नंतर हे पहिल्यांदा डोक्यात यायला हवं. गोमाशी चावून पसरणारा रक्तातला परजीवी. खाणं ठीक असूनही घोडा आठवड्यागणिक झडतो, ताप येतो-जातो, पोटाखाली आणि पायांना सूज, हिरड्या फिकट. शंका असेल तर रक्त तपासा, आणि ते ताप चढलेला असताना घ्या, नाहीतर नळीत परजीवी सापडत नाही आणि सगळे निर्धास्त होतात. गोचिडाच्या तापाचीही तपासणी त्याच रक्तात होते.

विश्रांतीत नाडी मिनिटाला २८ ते ४०, तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, हे सकाळी दोन आठवडे लिहून ठेवा. कामानंतर नाडी ६४ च्या खाली यायला किती मिनिटं लागतात तेही लिहा. तेवढ्याच कामाला ही मिनिटं वाढत चालली आणि वजनही उतरत असेल, तर त्याला 'फिटनेस' म्हणायचं नाही.

दुडकी

लांब आणि छोट्या पल्ल्याचं गणित वेगळं आहे, हे इथे कुणी बोललं नाही. रेसच्या थरोब्रेडची पुसट बरगडी दिसणं नेहमीचंच, कारण त्याचं काम दीड-दोन मिनिटांचं. एन्ड्युरन्समध्ये तासन्‌तास चरबी जाळायची असते. कॅलिफोर्नियातल्या टेव्हिस कपच्या १०० मैलांच्या शर्यतीत घोडे तपासले तेव्हा पूर्ण करणाऱ्यांचा सरासरी स्कोअर ४.५ च्या आसपास निघाला आणि शरीराच्या आतल्या बिघाडानं (लंगडणं वगैरे सोडून) बाद झालेल्यांचा ३ च्या खाली. स्वाराच्या वजनानं फारसा फरक पडला नव्हता, घोड्याच्या अंगावरच्या साठ्यानं पडला. तुमचा पल्ला ४० किमी, त्यामुळे तेवढी अडचण नाही, पण ३ वर उभी असलेली घोडी पुढे ८० ला न्यायची नाही.

दुसरी बाजू अशी की ७ गुणांची गुबगुबीत घोडी आपल्या उन्हाळ्यात घाम गाळून गाळून बेजार होते. चरबीचा थर उष्णता धरून ठेवतो आणि सांध्यांवर ओझं पडतं ते वेगळंच. सारंगखेड्याच्या बाजारात चकाकणाऱ्या गोलमटोल घोडीला भाव येतो, म्हणून तूप-गूळ पाजून आणलेल्या घोड्यांची मानेवरची कड ताठ आणि जाड झालेली असते. ती घ्यायला येणाऱ्यानं ही कड हातात धरून हलवून पाहावी. सहज डावी-उजवी झुकत नसेल आणि खुराच्या भिंतीवर आडव्या कड्या दिसत असतील, तर खूर तापण्याचा आजार (लॅमिनायटिस) येऊन गेलेला असू शकतो. इथं मोतद्दाराची नजर बाजाराची आहे आणि ट्रेनरची शर्यतीची. दोघेही आपापल्या जागी बरोबर बघतायत, पण घोडी एकच आहे!

तोबरा_भरा

गुण काय येतील ते येतील, पण तुमच्या चाऱ्याचा हिशोब जमत नाही. म्हणून गुण येण्याआधीच सांगतो.

३७५ किलोच्या घोडीला चारा कमीत कमी वजनाच्या १.५ टक्के, कोरडा धरून, म्हणजे ५.६ किलो. तुम्ही कडबा ५ किलो टाकता. ताटं कापत नाही म्हणजे जाड धांडे ती सोडून देते, एक किलो तरी गव्हाणीत राहतो. उरलेल्या ४ किलोत ओलावा वजा केला तर ३.६. हिरव्या लसूणघासात जवळपास ८० टक्के पाणी, म्हणजे ५ किलोतून १ किलो. एकूण ४.६. रोज एक किलो चारा कमी पडतोय. चंदी वाढवून ही तूट भरायला गेलात तर पोटात आम्ल वाढेल, पोटदुखी आणि अल्सर पाठोपाठ येतील.

दुसरी अडचण प्रथिनाची. मध्यम कामाच्या ४०० किलोच्या घोड्याला रोज सुमारे ६१० ग्रॅम प्रथिन आणि त्यात २६ ग्रॅम लायसिन (प्रथिनाचा एक घटक) लागतं, तुमच्या घोडीला त्याहून थोडं कमी. कडब्यात प्रथिन जेमतेम ४-५ टक्के. जव, कोंडा यांच्यात लायसिन कमी. मान आणि पाठ बारीक राहण्याचं हे कारण फार वेळा सापडतं, आणि घोडी बाकी बरी दिसत असते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

तिसरी कोंड्याची. एक किलो गव्हाच्या कोंड्यात साधारण ११ ग्रॅम फॉस्फरस आणि जेमतेम १ ग्रॅम कॅल्शियम. रोज खूप कोंडा आणि चुना काही नाही, असं महिनोन्‌महिने चाललं की शरीर हाडातून कॅल्शियम ओढतं. चेहऱ्याची हाडं सुजतात, लंगडणं फिरतं राहतं, कधी या पायात कधी त्या. आपल्याकडच्या जुन्या तबेल्यांतला हा जुना रोग. लसूणघासानं तुमची थोडी बाजू सावरली आहे, पण कोंडा कमी करा.

चौखूर

आज सकाळी सगळं पुन्हा तपासलं. जागेनुसार गुण: मान ३, विदर्स ३.५, फऱ्यामागे ४, बरगड्या ४, पाठ-कंबर ३.५ (कण्याची धार स्पष्ट लागते), शेपटीचं मूळ ४.५. मागून बघितलं तर पाठ थोडी पाख्यासारखी उतरते. विदर्सच्या मागे खळगे आहेत, दोन्ही बाजूंना सारखेच. घेर १६७.५. लिदीत दाणे नाहीत. नाडी ३४, ताप नाही, हिरड्या गुलाबी. रक्ताचा आणि लिदीचा नमुना दिलाय.

शेपटीच्या मुळाशी ४.५ आणि मानेवर ३, हे कसं?

खरारा

हेच अपेक्षित होतं. शेपटीच्या मुळाशी चरबी आहे, म्हणजे ती उपाशी नाही. मान आणि पाठ रिकामी आहे, म्हणजे स्नायू कमी. सरासरी ३.७५ येते, आणि तीच सरासरी तुम्हाला 'थोडी बारीक' एवढंच सांगून फसवते. हिला चरबी अर्धा गुण आणि स्नायू बरेच हवेत. एका गुणाला साधारण १६ ते २० किलो धरतात, तुमच्या आकाराला कमी टोक. म्हणजे लक्ष्य ८ ते १० किलो, दोन महिन्यांत. त्यापेक्षा घाई केली तर येणारं वजन पोटावर आणि शेपटीवर जाईल.

तोबरा_भरा

तूप-गूळ नको. असं बदला, आणि प्रत्येक बदल ७ ते १० दिवसांत पसरवून:

कडबा कुट्टी करून, दोन इंचांपेक्षा बारीक नको. फार बारीक कुट्टी घोडा न चावता गिळतो, अन्ननळीत अडकते. टाकायचा ५ किलोच, पण आता तो खाल्ला जाईल. त्याशिवाय १ किलो सुका लसूणघास किंवा ओटची वैरण. पेंढीत बुरशीचा वास असेल तर फेकून द्या, खोकला लागला की सगळं मुसळ केरात.

कोंडा ३०० ग्रॅमवर आणा. त्याऐवजी ३०० ग्रॅम सोयापेंड, त्यातून १३० ग्रॅमच्या वर प्रथिन आणि ८ ग्रॅमच्या आसपास लायसिन. तेल काढलेली, भाजलेली पेंडच घ्या, कच्चं सोयाबीन पचत नाही. शेंगदाण्याची पेंड स्वस्त आहे, पण लायसिन कमी आणि बुरशीचं विष असण्याची भीती. जनावरांची किंवा कोंबड्यांची तयार पेंड अजिबात नको. तिच्यात मोनेन्सिन असेल तर थोड्या मात्रेनंही घोड्याच्या हृदयाचा स्नायू मरतो. गाईला तेच औषध चालतं, म्हणून दुकानदाराला ते माहीत नसतं. पोत्यावरचं लेबल वाचा, लेबल नसेल तर घेऊच नका.

खाद्यतेल ३० मिलिपासून सुरू करून दोन आठवड्यांत १०० मिलि. लीद पातळ झाली की एक पायरी मागे. १०० मिलिला ०.८ मेगाकॅलरीच्या आसपास, शिवाय स्टार्च शून्य. तेल चालू केलं की व्हिटॅमिन ई द्यायला लागतं, मिलिमागे एक युनिट असा ढोबळ हिशोब.

पशुखाद्याच्या दर्जाची चुनखडी पूड २० ते २५ ग्रॅम. पानाला लावायचा चुना नव्हे, तो तोंड भाजतो. मीठ ३० ग्रॅम, कामाच्या दिवशी दुप्पट, आणि पाणी कायम समोर.

चंदी दोनऐवजी तीन वेळा, एका वेळी दीड किलोच्या आत, आणि आधी चारा. उपाशी पोटावर चंदी नको.

हे सगळं मिळून रोज ३ ते साडेतीन मेगाकॅलरी वाढतात. एक किलो वजन चढायला साधारण २० लागतात, तेव्हा ६० दिवसांत १० किलोच्या आसपास. हिशोब जुळतो.

अगाडी_पिछाडी

खाण्यानं फक्त माल मिळतो, स्नायू कामानं बांधला जातो. दुडकीच्या एका दिवसाऐवजी लांब लगामावर चढाची चाल, डोकं खाली सोडून, २० मिनिटांपासून. जमिनीवर ठेवलेल्या चार-सहा बांबूंवरून चालवणंही चांगलं. आणि हे सगळं खोगीर दुरुस्त झाल्यावर. खळगे दोन्ही बाजूंना सारखे आहेत म्हणजे कमान अरुंद असण्याची शक्यता मोठी. घामाचा ठसा बघा: सगळीकडे ओलं आणि विदर्सच्या मागे दोन कोरडे डाग, तर तिथं दाब पडतोय. रिकामी जागा जाड गादीनं भरू नका, अरुंद कमानीखाली जाड गादी म्हणजे घट्ट बुटात दोन मोजे. सहा आठवड्यांनी स्नायू भरला की खोगीर पुन्हा बसवून बघायला लागेल, तेव्हा आत्ताच पक्कं भरून घेऊ नका.

चौखूर

खोगिराचा ठसा बघितला, कोरडे डाग आहेत, दोन्हीकडे. कमान रुंद करून घेतोय, तोवर नुसती हातानं चालवणार. अंडी-मोजणी ३५० आली, सर्रा आणि गोचीड-ताप नाही. जंतनाशकाला वजन ४०० धरतोय. घेर किती वाढला की थांबायचं?

खरारा

लांबी बदलत नाही, तेव्हा ३८५ किलोला घेर १७० च्या जरा वर जाईल. म्हणजे आजपासून अडीच सेंमी. पण घेर १७० झाला आणि मान-पाठ ३ वरच राहिली, तर तेल बंद करून सोयापेंड ४०० ग्रॅमवर न्या. उलट मान-पाठ भरली आणि घेर १६९ वरच अडला, तर काहीच बदलू नका. दर १५ दिवसांनी त्याच फरशीवर, त्याच उजेडात डावीकडून, उजवीकडून आणि मागून असे तीन फोटो घ्या. अंडी-मोजणी औषधानंतर १४ दिवसांनी परत करा, आकडा नव्वद टक्क्यांहून कमी उतरला असेल तर औषध बदलायला लागेल.